नवजात बाळांतील ओपिऑइड विथड्रॉवल : आधी आईची कूस, मग औषध

करोल बाग (दिल्ली) : गर्भारपणात आई हेरॉइन, अफू किंवा ट्रॅमाडोलसारखी वेदनाशामके दीर्घकाळ घेत असेल, तर ते द्रव्य वारेतून गर्भापर्यंत पोहोचते व बाळाच्या शरीराला त्याची सवय होते. नाळ कापताच हा पुरवठा थांबतो. त्यानंतर बाळाला होणाऱ्या त्रासाला वैद्यकशास्त्रात ‘निओनेटल ॲब्स्टिनन्स सिंड्रोम’ म्हणतात. हे बाळाचे व्यसन नव्हे, तर शरीराचे तात्पुरते अवलंबित्व असून योग्य उपचारांनी ते दूर होते.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.२६ कोटी लोक ओपिऑइडचे सेवन करतात. त्यामुळे प्रसूतिगृहांना या विकाराची जाण असणे आवश्यक आहे.

लक्षणे

कर्कश, न थांबणारे रडणे, हातापायांची थरथर, अपुरी झोप, दूध नीट न ओढणे, उलट्या, जुलाब, घाम, वारंवार शिंका व जांभया ही प्रमुख लक्षणे होत. काही बाळांना झटकेही येतात. हेरॉइनच्या बाबतीत त्रास बहुधा २४ तासांत सुरू होतो. मेथाडोनच्या बाबतीत दोन-तीन दिवस किंवा अधिक काळ लागू शकतो. म्हणून अशा बाळाला लवकर घरी पाठवत नाहीत. जंतुसंसर्ग किंवा रक्तातील साखर कमी होणे यांतही अशीच लक्षणे दिसतात, त्यामुळे त्या तपासण्याही कराव्या लागतात.

उपचार

पहिला उपचार औषधाविना होतो. मंद प्रकाश, शांत खोली, दुपट्यात गुंडाळणे, आईच्या त्वचेशी स्पर्श आणि थोडे-थोडे, वारंवार दूध यांनी अनेक बाळे सावरतात. आईने बाहेरील अमली पदार्थ सोडले असतील, तिचे उपचार नियमित सुरू असतील व अन्य वैद्यकीय अडचण नसेल, तर स्तनपान हितकारक ठरते.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ लोरेटा फिनेगन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या गुणांकन पद्धतीवर औषधाचा निर्णय दीर्घकाळ अवलंबून होता. अलीकडे बाळ दूध पिते का, झोपते का आणि जवळ घेतल्यावर शांत होते का, हे तीन प्रश्न विचारले जातात. अमेरिकेतील २६ रुग्णालयांत १,३०५ बाळांवर झालेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या नव्या पद्धतीने बाळे सरासरी ८.२ दिवसांत घरी जाण्यायोग्य झाली. जुन्या पद्धतीने १४.९ दिवस लागले. औषधाची गरजही ५२ टक्क्यांवरून १९.५ टक्क्यांवर आली.

एवढ्याने त्रास शमला नाही, तर मॉर्फिन किंवा मेथाडोनचे मोजके थेंब तोंडावाटे देऊन मात्रा क्रमाने कमी केली जाते. गरजेनुसार फेनोबार्बिटोनची जोड दिली जाते.

माहिती लपवू नये

आईच्या सेवनाची माहिती डॉक्टरांना नसेल, तर निदान चुकू शकते. अशा बाळाला नालोक्सोन दिल्यास तीव्र त्रास व झटके येण्याचा धोका असतो. गर्भवतीने स्वतःहून अचानक सेवन थांबवणेही गर्भासाठी घातक ठरू शकते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिनच्या देखरेखीखालील उपचारांची शिफारस करते.

शतकभरापूर्वी मुंबईच्या गिरणी कामगार माता कामावर जाताना तान्ह्यांना अफूयुक्त ‘बाळगोळी’ देत. रडणारे बाळ निजवण्याचा असा घरगुती उपाय आजही जिवावर बेतू शकतो, कारण अफूने श्वास मंदावतो. रुग्णालयातील औषध त्याच कुळातले असले, तरी ते वजनानुसार मोजून व श्वासावर लक्ष ठेवून दिले जाते.

कुठे जावे

करोल बाग परिसरातील कुटुंबांना कॅनॉट प्लेसजवळील कलावती सरन बाल रुग्णालय हे सरकारी रुग्णालय जवळ पडते. आईच्या व्यसनमुक्तीसाठी गाझियाबाद येथे ‘एम्स’चे राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्र आहे. देशभरातून १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते.