थुर्न उंड टॅक्सिस घराणे : टपालाचा वंशपरंपरागत हक्क

सरंजामी घराण्यांचे वैभव बहुधा जमिनीवर वा तलवारीवर उभे राहिले. जर्मनीतील थुर्न उंड टॅक्सिस घराण्याचे मात्र टपालावर. मूळचे हे इटलीतील बेर्गामो परिसरातील टास्सो कुटुंब. इ. स. १४९० पासून त्याने हॅब्सबर्गांची डाक वाहिली. टप्प्याटप्प्यावर घोडा व स्वार बदलत असल्याने पत्र रात्रीही थांबत नसे. १६१५ मध्ये साम्राज्याचे महाटपालपद वंशपरंपरागत झाले. १८०६ मध्ये साम्राज्यच लयास गेले, तरी छोट्या राज्यांशी करार करून घराण्याने टपाल टिकविले. बव्हेरियाने हिरावलेल्या टपालाच्या मोबदल्यात १८१२ मध्ये रेगेन्सबुर्गचा सेंट एमेराम मठ मिळाला. प्रशियाने १८६६ मध्ये फ्रँकफुर्ट व्यापले आणि १८६७ मध्ये तीस लाख थेलर देऊन उरलेली सेवा घेतली. कागदोपत्री ही विक्री होय. सैन्य दाराशी असता नकारास कितपत वाव होता, हा प्रश्नच आहे.