निळ्या नखांची माणसे

१३व्या शतकात फ्लँडर्समधील (आजच्या बेल्जियम व उत्तर फ्रान्सचा भाग) शहरांच्या व्यापाऱ्यांचा एक बलाढ्य संघ होता, ‘लंडनची हान्सा’. इंग्लंडशी व्यापार करायचा तर त्याचे सभासदत्व हवे. ज्यांना ते मिळणार नाही, अशांमध्ये संघाचे नियम ‘निळ्या नखांच्या’ लोकांचाही उल्लेख करतात.

ही माणसे म्हणजे रंगारी.

तेथील निळा रंग निघे तो ‘वोड’ या मोहरीच्या कुळातील रोपापासून. रंगद्रव्य आपल्या निळीतलेच, मात्र प्रमाण बरेच कमी. पाने वाटून त्यांचे गोळे वाळवायचे, ते फोडून, भिजवून पुन्हा कुजवायचे, आणि मग कोमट पिंपात राख व कोंडा घालून आंबवायचे. दुर्गंधीची कल्पनाच केलेली बरी.

निळा हात बहुधा कापडाला नव्हे, तर न कातलेल्या लोकरीलाच दिला जाई. रंग तंतूत मुरे. पिंपातून काढलेली लोकर प्रथम पिवळसर हिरवी दिसे आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळी होई. मग तिच्यावर तुरटी व मंजिष्ठेचा तांबडा चढवला की जांभळ्या छटा मिळत.

हे कापड विकले जाई ते शांपेनच्या जत्रांत. लान्यी, बार-स्युर-ओब, प्रोवँ व त्र्वा या ४ गावी मिळून वर्षाला ६ जत्रा. प्रत्येकीचा क्रम ठरलेला: आधी कापड, मग चामडे, मग मसाल्यांसारखा तोलून विकायचा माल. कापडाचे दिवस हुकले, तर पुढच्या जत्रेची वाट पाहणे आले. आणि आंबणाऱ्या पिंपाला तर घाई ठाऊक नसते.

त्या घाईचा भार कोणावर पडे, हे दुए शहरातील एका दस्तऐवजावरून कळते. जेहान बुआनब्रोक हा तेथला मोठा कापड-व्यापारी. लोकर तोच पुरवी, काम तोच देई, तयार मालही तोच घेई. शिवाय तो नगराचा न्यायदंडाधिकारी! म्हणजे त्याच्याविरुद्धची फिर्याद त्याच्याच मंडळींपुढे. १२८० मध्ये दुएच्या विणकरांनी बंड केले. ते मोडून काढणाऱ्यांत हाच वर्ग होता.

१२८६च्या सुमारास तो वारला. मरताना आत्म्याची चिंता वाटणे हे त्या काळाला धरूनच होते. कोणाचे देणे बुडवले असल्यास ते फेडावे, अशी तजवीज त्याने केली होती. मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांपुढे सुमारे ४५ दावे आले. ते ज्यावर उतरवले, त्या चर्मपत्राची गुंडाळी ५ मीटरहून लांब आहे. दावेदारांत रंगारी आहेत, लोकरीचे काम करणाऱ्या स्त्रिया आहेत, मेलेल्या कारागिरांचे वारस आहेत. कोणाची मजुरी अडकलेली, कोणाला लोकर वजनात कमी मिळालेली, कोणाच्या घरातील वस्तू कर्जापोटी उचलून नेलेल्या. काही तक्रारी कित्येक वर्षांपूर्वीच्या होत्या.