सहा दिवसांचा आग्रह कधीचा?
20 जुलै 1925 रोजी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, डेटन या लहानशा गावात, उकाड्यामुळे आणि मजला खचण्याच्या भीतीने न्यायालय बाहेरच्या हिरवळीवर भरले. शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर खटला चालू होता. बचावाचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी फिर्यादी बाजूच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनाच साक्षीला बसवले. उत्पत्तीच्या पुस्तकातले सहा दिवस चोवीस तासांचेच काय, या प्रश्नावर ब्रायन म्हणाले की तसे असलेच पाहिजे असे नाही, ते दीर्घ कालखंडही असू शकतील. उत्क्रांतीचा इतका कडवा विरोधक ही मुभा सहज देतो, कारण त्याच्या पिढीतल्या सनातनी प्रॉटेस्टंटांत ती रूढच होती. 1909 च्या स्कोफील्ड बायबलने तर पहिल्या दोन वचनांच्या मध्येच अफाट काळाची जागा सोडली होती. अवघी भूस्तररचना नोहाच्या जलप्रलयाने घडली, हे मत तेव्हा प्रामुख्याने सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्टांपुरते होते. जॉर्ज मॅक्रेडी प्राइस यांनी 1923 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला, पण ते मत घरोघरी पोचले ते जॉन व्हिटकोम्ब आणि हेन्री मॉरिस यांच्या 1961 च्या पुस्तकानंतर. म्हणजे निर्मितीवरची श्रद्धा प्राचीन असली, तरी कोवळ्या वयाची पृथ्वी हीच तिची कसोटी मानणे विसाव्या शतकातले आहे.

मग मूळ श्रद्धेचे मर्म कोणते? दुसऱ्या शतकात मार्सियन सांगू लागला की हे जड जग घडवणारा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. रोमच्या मंडळीने 144 च्या सुमारास त्याला बाहेर काढले. शरीर, माती, अन्न ही चांगल्या देवाची चांगली कृती आहे, हे सोडले असते तर देवाने देह धारण केला या शिकवणीला अर्थच उरला नसता. म्हणूनच 325 च्या नायसिया परिषदेचा विश्वासांगीकार दृश्य-अदृश्य सर्वांच्या निर्मात्यापासून सुरू होतो, आणि त्यात निर्मितीच्या सहा दिवसांचा उल्लेखही नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी राचोलहून 1616 मध्ये छापलेल्या मराठी ‘क्रिस्तपुराणा’तही आधी सृष्टीची कथा येते आणि ख्रिस्ताची दुसऱ्या पुराणात. निर्माता कोण हे कळल्याशिवाय तारणारा कळत नाही, हा क्रम त्यामागे आहे.

ल्यूथरने सहा दिवस अक्षरशः मानले, 1647 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रिकेत ते नमूद आहेत आणि 1650 मध्ये आर्चबिशप अशर यांनी निर्मितीचे वर्ष इ.स.पू. 4004 ठरवले, हा आक्षेप खराच आहे. पण त्यांच्यापुढे भूगर्भाचा पुरावा आलेलाच नव्हता. पुरावा पाहून तो नाकारणे आणि तो नसताना वडिलार्जित गणना मानणे, यांत मला मोठा फरक दिसतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पौल आदामाच्या पापाशी ख्रिस्ताचे तारण जोडतो, तेव्हा एक धागा सैल केला तर सगळेच वस्त्र उसवेल. त्याला ऑगस्टिनचेच उत्तर आहे. त्याने आदाम खरा मानला, पतन मानले, तरीही देवाने सारे एकाच क्षणी निर्मिले आणि सहा दिवस हे काळाचे माप नव्हे, असे पाचव्या शतकाच्या आरंभी लिहिले. त्याची भीती नेमकी उलटी होती: ताऱ्यांविषयी आणि पृथ्वीविषयी ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या नावाने चुकीचे बोलू लागला, तर जाणकार परका मनुष्य त्याच शास्त्रातल्या पुनरुत्थानावर का म्हणून विश्वास ठेवील?