फिलाडेल्फियाच्या नोंदवहीतील दोन मराठी नावे

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसरात आता नवे राहिलेले नाहीत. नाताळच्या सुटीच्या सुमारास कुठे ना कुठे जुने सहाध्यायी जमतात, दिवंगतांसाठी स्तब्ध उभे राहतात, स्मरणिका काढतात. या स्मरणिका आम्ही आवडीने वाचतो. मात्र त्यांत कोणाचे नाव येते आणि कोणाचे राहून जाते, हा प्रश्न मनात डोकावल्याशिवाय राहत नाही. अशा वेळी आम्हांस आठवते ते दूरदेशीचे एक छोटे महाविद्यालय. कल्याणच्या एका कन्येमुळे मराठी माणूस त्यास ओळखतो. पण त्याच्या नोंदवहीत आणखी एक मराठी नाव आहे आणि ते ख्रिस्ती असूनही आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

फिलाडेल्फियाचे हे स्त्री वैद्यकीय महाविद्यालय १८५० साली स्थापन झाले. पहिल्या तुकडीत, १८५१ मध्ये, आठच स्त्रिया पदवीधर झाल्या. स्त्रीने डॉक्टर व्हावे ही कल्पनाच तेव्हा पुढारलेल्या अमेरिकेलाही मानवत नव्हती. १८६९ च्या नोव्हेंबरात येथील विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलात व्याख्यान ऐकण्यास गेल्या असता पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडविली. अशा वातावरणात शिकलेल्यांना एकमेकींचा आधार हवाच होता. १८७५ साली माजी विद्यार्थिनींची संघटना उभी राहिली. तिच्या वार्षिक सभांचे वृत्तांत छापून निघत. या परिवाराचा आपल्या देशाशीही संबंध जुना. १८६९ च्या पदवीधर क्लारा स्वेन १८७० साली बरेलीस आल्या आणि स्त्रियांची सेवा करू लागल्या.

कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी विवाहबद्ध होऊन आनंदी झाली. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळते तर तो वाचता, ही जाणीव तिच्या पुढील निश्चयाच्या मुळाशी होती. पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी कोल्हापुरात कार्य केलेल्या वाइल्डर या मिशनऱ्यास पत्र लिहिले. वाइल्डरसाहेबांनी उत्तरात धर्मांतराची गोष्ट काढली आणि तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी काहीही अट न घालता साहाय्य देऊ केले.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे, बॅप्टिस्ट महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी जाहीरपणे सांगितले की, मी हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन. तरीही ख्रिस्ती कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखे वागविले आणि महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री रेचल बॉडले यांनी त्यांना पदवीपर्यंत नेले. सेवेच्या मोबदल्यात काही मागावयाचे नसते, हे वाइल्डरसाहेबांहून या दोन स्त्रियांना अधिक उमगले होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात नऊवारीतील आनंदीबाई, किमोनो परिधान केलेल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशीच्या पोशाखातील सीरियाच्या सबात इस्लामबुली या तिघी सहाध्यायिनी एकत्र आहेत. ओकामी १८८९ मध्ये पदवीधर झाल्या. पुढे टोकियोच्या रुग्णालयात सम्राटांनी, डॉक्टर स्त्री आहे म्हणून, त्यांची भेट नाकारली, तेव्हा त्यांनी तेथील पद सोडले.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम उपस्थित होत्या. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. (आपल्या ख्रिस्तसभेत धर्मभगिनींना प्रसूतिसेवेसह वैद्यकी करण्याची मुभा रोमहून मिळाली ती १९३६ साली, हे जाता जाता नमूद केलेले बरे.) कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी वाट पाहत होती. पण क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत कल्याणच्या या लेकीचा स्मृतिस्तंभ आजही उभा आहे.

आनंदीबाईंवर चरित्रे झाली, श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली आली, २०१९ मध्ये त्याच नावाचा चित्रपट निघाला, शुक्र ग्रहावरील एका विवरालाही त्यांचे नाव लाभले. हे सारे यथायोग्यच आहे. ज्यांना एकाही रुग्णाची सेवा स्वतंत्रपणे करता आली नाही, त्यांचे धैर्य हेच त्यांचे कार्य ठरले.

आता दुसरे नाव. डॉ. गुरुबाई करमरकर. या आनंदीबाईंनंतर तेथून पदवीधर झालेल्या दुसऱ्या भारतीय स्त्री. पती सुमंतराव करमरकर धर्मोपदेशक होते. १८९३ साली गुरुबाई मायदेशी परतल्या आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ वैद्यकी करीत राहिल्या. ज्यांना समाज दाराशी उभे करीत नसे, ते त्यांचे रुग्ण. सासरी छळलेल्या बालवधूही त्यांच्याकडे उपचारांसाठी येत. आनंदीबाईंना ज्या कामाची ओढ लागली होती, ते काम गुरुबाईंनी रोज सकाळी दवाखाना उघडून केले. त्या प्रॉटेस्टंट, म्हणून आपल्या कथनात आल्या नाहीत. त्या ख्रिस्ती, म्हणून इतरांच्या कथनात मागे राहिल्या. कारण याहून वेगळेही असू शकेल. अकाली मृत्यूभोवती कथा उभी राहते, दीर्घ नोकरीभोवती क्वचितच. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक परिचारिका आणि सुईणी अशाच आहेत. शेकडो बाळे त्यांच्या हातांवर जन्मली, पण स्मरणिकेत त्यांच्यासाठी पान निघाले नाही.

१९७० साली त्या महाविद्यालयाने पुरुषांनाही प्रवेश दिला व नावातील स्त्री हा शब्द गळला. पुढे विलीनीकरणे झाली. आज तो वारसा फिलाडेल्फियाच्याच ड्रेक्सेल विद्यापीठाकडे असून जुनी पत्रे, प्रबंध आणि छायाचित्रे तेथील संग्रहात जतन केलेली आहेत. कल्याणच्या आनंदीबाईंच्या पुढे तेथे १८८६ हे वर्ष आहे आणि गुरुबाईंच्या पुढे १८९२.