दीपभिंगे, जुन्या मोटारगाड्यांची

जुन्या मोटारगाड्यांच्या मागील व दिशादर्शक दिव्यांवरील प्लॅस्टिकची रंगीत आवरणे स्वच्छ करून पूर्ववत पारदर्शक करण्याची क्रिया. या आवरणांना व्यवहारात भिंगे म्हणतात. आरंभी ती काचेची असत. १९३३ साली जर्मनीत ऑटो रोम यांनी ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने ॲक्रिलिक प्लॅस्टिक बाजारात आणले. ब्रिटनमध्ये तेच ‘पर्स्पेक्स’ म्हणून प्रसिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानांच्या वैमानिक-कक्षाची छत्रे त्याची करीत. युद्धानंतर ते मोटारींकडे वळले. काचेच्या निम्म्या वजनाचे हे द्रव्य साच्यात हवा तो आकार घेते. १९५९ च्या कॅडिलॅक गाडीच्या उंच शेपटी-पंखांवरील बंदुकीच्या गोळीसारखी जोडभिंगे हा त्याचा सर्वांत दिमाखदार, काहीसा अतिरेकीही, नमुना होय.

ॲक्रिलिक उन्हाने सहसा पिवळे पडत नाही; त्याला बाधतात ते ओरखडे आणि चुकीचा विद्रावक. साच्यात थंड होताना त्यात ताण शिल्लक राहतात. स्पिरिट, पेट्रोल किंवा थिनर लागल्यास तेथे केसासारख्या भेगांचे जाळे उमटते व ते पुसता येत नाही. म्हणून प्रथम केवळ साबणाचे कोमट पाणी व मऊ फडके वापरतात. ओरखडे उथळ असल्यास १,५०० ते ३,००० क्रमांकाचे पॉलिश पेपर पाण्यात भिजवून क्रमाने फिरवितात व शेवटी लेपाने झिलई देतात. यंत्राने एकाच जागी घासल्यास पृष्ठभाग तापून मऊ होतो आणि ओढला जातो. प्रकाश वळविणारे कंगोरे बहुधा आतील बाजूस असतात, त्यामुळे बाहेरून घासण्यास मोकळीक मिळते. मात्र बाहेर ‘ल्यूकास’सारखे निर्मात्याचे नाव व क्रमांक उठावात असल्यास तेवढी जागा सोडावी. ती अक्षरे झिजली की भिंगाच्या अस्सलपणाचा पुरावाच जातो. नव्या प्रतिकृतीची झळाळी अधिक असली, तरी किंचित ओरखडे राहिलेले मूळ भिंग केव्हाही श्रेयस्कर.

पुढील मुख्य दिव्यांची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेत १९४० पासून ते हवाबंद व काचेचे असत. १९८३ मध्ये नियम बदलले आणि १९८४ च्या लिंकन मार्क ७ या गाडीला पॉलिकार्बोनेटची भिंगे बसविण्यात आली. हे प्लॅस्टिक आघात उत्तम सोसते. परंतु जंबुपार किरणांनी पिवळे पडते, म्हणून त्यावर कठीण संरक्षक लेप असतो. घासताना पिवळेपणाबरोबर हा लेपही निघून जातो. नवा लेप न दिल्यास भिंग पुन्हा पिवळे पडते, आणि तेही पूर्वीपेक्षा लवकर.