रडण्याचे शब्द आणि पानिपतची बातमी

१/५ मराठीत रडण्याच्या किती परी! मुसमुसणे, स्फुंदणे हे एकांतातले. ओक्साबोक्शी, धाय मोकलून रडणे चारचौघांतले. हंबरडा तर थेट गोठ्यातून आला, हंबरणाऱ्या गाईपासून.

२/५ पण १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतची बातमी पेशव्यांना कोणत्या शब्दांत कळली?

३/५ उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांच्या हाती वाटेत एका सावकाराचे पत्र लागले. दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपे-तांब्याची तर मोजदादच नाही, असा त्याचा आशय. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात तो नोंदवला आहे.

४/५ मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि नानासाहेबांचे थोरले पुत्र विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. भाऊंचे वडील चिमाजी अप्पा. ठाण्याचा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांकडे आला तो त्यांच्याच मोहिमेत. आपल्या ठाणे-कल्याणकरांशी या मोत्याचे नाते असे जवळचे.

५/५ त्या पत्रात रडण्याचा एकही शब्द नाही. आहे तो केवळ हिशेब. नानासाहेब मात्र त्या धक्क्यातून सावरले नाहीत. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचे निधन झाले. म्हणून जुन्या कागदांत शोक शोधताना नुसते अश्रू शोधू नयेत, जमाखर्चही वाचावा.

तुमच्या घरी रडण्यासाठी आणखी कोणता शब्द आहे? अवश्य लिहा.