सीमेवरच्या वर्गात इंग्रजीचे काळ

इंग्रजी क्रियापदाचे काळ मुलांना कसे शिकवावेत, हा प्रश्न मराठी शाळांत जोवर पाचवीपासून सुरू होत होता, तोवर भिंतीवरच्या तक्त्याने भागत असे. 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आले आणि प्रश्नच पालटला. दहा-अकरा वर्षांचे मूल 'कर्ता, हॅव किंवा हॅज, क्रियापदाचे तिसरे रूप' असे सूत्र पाठ करते, त्यात शब्द भरते आणि गुणही मिळवते. सहा वर्षांच्या मुलाला सूत्राशी काही देणेघेणे नसते. त्याला बोलायचे असते. बोलता बोलता काळ कसे रुजतात, हा आज जगभर अभ्यासाचा विषय आहे. त्यात नव्याने येणाऱ्या शिक्षक मित्रमैत्रिणींचे स्वागत करण्यासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे.

ती देगलूरला बसून लिहिण्यात अर्थ आहे. हैदराबादच्या रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात मदनूर, म्हणजे तेलंगण लागते. दक्षिणेला बीदर जिल्ह्यातला औराद तालुका आहे, तिथे कन्नड आहे. गावात मराठीबरोबर तेलुगू आणि दखनी रोज कानावर पडतात, तांड्यांवरून येणारी मुले गोरमाटी बोलतात. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेव्हा उर्दूतून शिकणाऱ्यांना इंग्रजीचे काळ भेटले ते माज़ी, हाल आणि मुस्तक़बिल या नावांनी. अशा गावातल्या चौथीच्या वर्गात इंग्रजीचे एकच वाक्य तीन-चार वेगवेगळ्या भाषांच्या पाटीवर लिहिले जाते. पाठ्यपुस्तक मात्र सगळ्यांना एकच आणि त्यातली मराठीही एकच, पुस्तकी.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. इंग्रजी काळांमागची समज मुलाला बाहेरून आणून द्यावी लागत नाही, त्यातली बरीचशी त्याच्या बोलीत आधीच असते. आपण शिकवतो पुस्तकी मराठीच्या आधाराने, म्हणून ती आपल्याला दिसत नाही.

'आय ॲम ईटिंग' या वाक्याचा अर्थ फळ्यावर आपण 'मी खात आहे' असा लिहितो. देगलूरचे कोणते मूल घरी 'मी खात आहे' म्हणते? आई विचारते, 'काय करायलास रं?' आणि ते म्हणते, 'जेवायलोय.' लातूर-उदगीरकडे 'काय करूलालास' असे म्हणतील. रोजची सवय सांगायची असली की तेच मूल 'मी अकरा वाजता जेवतो' म्हणते. म्हणजे 'जेवतो' आणि 'जेवायलोय' यांतला भेद पाच वर्षांच्या पोरालाही पक्का माहीत असतो आणि तो चुकवत नाही. इंग्रजीतला 'आय ईट' आणि 'आय ॲम ईटिंग' यांतला भेद बव्हंशी हाच आहे. मराठवाड्याच्या बोलीने चालू क्रियेसाठी वेगळे, ठसठशीत रूप जपले आहे आणि इंग्रजीच्या शिक्षकाला याहून मोठी मदत मिळणार नाही. तरीही वर्गात 'जेवायलोय' अशुद्ध ठरते, मुलाला आधी 'जेवत आहे' शिकावे लागते आणि मग त्यावरून इंग्रजी. हा वळसा कशासाठी?

आता जिथे बोली आणि इंग्रजी खरोखर वेगळ्या वाटेने जातात ती जागा पाहू, कारण चित्रावरून प्रश्न विचारताना प्रत्येक शिक्षक तिथे अडतो. चित्रात एक मुलगा झाडाखाली बसला आहे, शेजारी कुत्रा झोपला आहे, एक मुलगी लाल झगा घालून उभी आहे. मराठीत आपण 'बसलाय', 'झोपलाय', 'झगा घातलाय' म्हणतो. बसण्याची क्रिया पुरी झाली, तिची स्थिती उरली, असे मराठी पाहते. इंग्रजी त्याच चित्राकडे चालू अवस्था म्हणून पाहते: 'ही इज सिटिंग', 'द डॉग इज स्लीपिंग', 'शी इज वेअरिंग अ रेड फ्रॉक'. मराठी मूल 'द बॉय इज सॅट' म्हणते तेव्हा ते निष्काळजी नसते, आपल्या भाषेशी प्रामाणिक असते. मराठीत 'बसतोय' म्हटले तर मुलगा अजून खाली टेकतो आहे असा अर्थ होईल. ही गाठ तक्त्याने सुटत नाही, कारण तक्त्यात 'पूर्ण' समोर 'पूर्ण' आणि 'चालू' समोर 'चालू' असते. अंगस्थिती आणि पेहराव सांगणारी अशी मोजकी क्रियापदे वेगळी काढून, चित्र समोर ठेवून सरळ इंग्रजीतच घोळवावी लागतात. एकदा ती तोंडात बसली की निम्मा त्रास संपतो.

तक्ता आला कुठून, हेही माहीत असावे. इंग्रजीचे जुने व्याकरण लॅटिनच्या साच्यावर उभे राहिले आणि दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचे व्याकरण छापले तेव्हा इंग्रजी व्याकरणांचा नमुना त्यांच्यासमोर होता. पुढे 1911 साली मोरो केशव दामल्यांनी मराठी क्रियापदाची छाननी अधिक बारकाईने केली, पण शाळेत चालत राहिली ती तीन काळ गुणिले चार प्रकार ही मांडणीच. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांनी त्या शिस्तीच्या जोरावर उत्तम इंग्रजी कमावले, हे मान्य करायलाच हवे. पण ते वाचणारे, लिहिणारे, वयाने मोठे विद्यार्थी होते.

ऑटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने 1924 सालच्या आपल्या ग्रंथात एक गोष्ट ठासून मांडली: घडण्याचा काळ वेगळा, क्रियापदाच्या रूपाचा काळ वेगळा. मराठी माणसाला हे पटवावे लागत नाही. हाक आली की आपण जागचे न हलता 'आलोच' म्हणतो. रूप भूतकाळाचे, येणे अजून व्हायचे. हान्स रायखेनबाख यांनी 1947 साली त्यापुढचे पाऊल टाकले. क्रियापदाचा काळ समजायला तीन बिंदू लागतात, असे त्यांनी दाखवले: बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि जिथे उभे राहून आपण घटनेकडे पाहतो तो क्षण. 'आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा उदगीरची गाडी गेली होती.' बोलतो आहोत आत्ता, पाहतो आहोत पोचण्याच्या क्षणावरून आणि गाडी त्याच्याही आधी गेली. सातवीच्या मुलांना हे तीन ठिपके जमिनीवर खडूने काढून, त्यांवर उभे करून दाखवा. पूर्ण भूतकाळाची व्याख्या सांगण्याची गरज उरत नाही. तिसरी-चौथीत मात्र याच्या वाटेला जाऊच नये.

कशाच्या आधी काय येते, हा या क्षेत्रातला सर्वांत उपयोगी शोध आहे असे मी मानतो. रॉजर ब्राउन यांनी इंग्रजी घरातल्या तीन मुलांचे बोलणे वर्षानुवर्षे टिपले आणि 1973 साली निष्कर्ष मांडले. '-इंग' सर्वांत आधी येते, 'वेंट', 'केम' अशी अनियमित रूपे नियमित '-एड'च्या आधी येतात आणि तृतीय पुरुषी एकवचनाचा '-एस' बराच उशिरा येतो. ड्युले आणि बर्ट यांनी 1974 साली स्पॅनिश आणि चिनी घरभाषेच्या मुलांच्या इंग्रजीचा अभ्यास केला, त्यातही '-इंग' लवकर आणि हा '-एस' उशिरा असेच दिसले. आणि आपण काय करतो? पाचवीच्या वहीत 'ही गो' दिसले की लाल शाई. जे रूप इंग्रजी घरातल्या मुलांनाही उशिरा साधते, त्यावर देगलूरच्या मुलाचे गुण सर्वांत आधी कापणे हा अन्याय आहे.

लाल शाईखाली जाणाऱ्या बाकीच्या वाक्यांनाही कारणे असतात. 'आय ॲम गो टू स्कूल' का येते? पहिल्याच धड्यात 'आय ॲम अ बॉय' घोटून घेतलेले असते, त्यामुळे मुलाच्या कानाला 'आय ॲम' हा 'मी'साठीचा अखंड शब्द वाटतो. 'आय डिड नॉट वेंट' का? मराठीत 'गेलो नाही' म्हणताना भूतकाळ 'गेलो'वरच राहतो, 'नाही' कोरा असतो. इंग्रजीत तो 'डिड'वर सरकतो आणि मुख्य क्रियापद मोकळे होते. 'ईटेड' म्हणणारे मूल तर नियम शिकल्याचा पुरावाच देत असते. त्याला शाबासकी द्यावी आणि आपण सहज 'येस, यू एट इट' म्हणून पुढे जावे. 'गो-वेंट-गॉन' ही पाठांतराची तालबद्ध माळ मला नापसंत नाही, मुलांना ती आवडते. फक्त तिच्यातून वाक्य निघत नाही.

घरभाषा बदलली की चूकही बदलते. तेलुगूत 'वस्तानु' म्हणजे 'मी येतो' आणि 'मी येईन' दोन्ही; कन्नडमध्ये 'बरुत्तेने' तसेच. त्या घरातल्या मुलाला सवय आणि भविष्य इंग्रजीत वेगळे करायला थोडा वेळ लागणारच. दखनी बोलणारे मूल 'मैं रोटी खाया' म्हणते, तिथे 'ने' नाही आणि क्रियापद कर्त्याच्या मागे चालते, म्हणून 'आय एट' त्याला सोपे जाते. मराठी मूल 'पोळी खाल्ली', 'आंबा खाल्ला' असे कर्माप्रमाणे रूप बदलत आलेले असते. 'एट' कशानेच बदलत नाही हे कळल्यावर त्याला सुटल्यासारखे वाटते. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावी मराठी, कन्नड आणि उर्दू एकमेकींच्या किती जवळ सरकल्या आहेत, यावर गम्पर्झ आणि विल्सन यांचा 1971 सालचा लेख जगभर वाचला जातो. देगलूर, बिलोली, मुखेडच्या वर्गांतून इंग्रजीच्या काळांबद्दल तसेच काम व्हायला हवे.

पद्धतीबद्दल फार लिहीत नाही, त्यावर पुष्कळ साहित्य आहे. एक नाव मात्र सांगतो: एन. एस. प्रभू. 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत त्यांनी 'बंगलोर प्रकल्प' चालवला. मन अर्थामध्ये गुंतले असेल तर व्याकरण आपोआप घडत जाते, ही त्यामागची धारणा होती. मुलांना वेळापत्रके, नकाशे अशी सोडवायची कामे दिली जात. देगलूरला रेल्वे नाही, पण एस.टी.चे वेळापत्रक आहे. नांदेडची पहिली गाडी किती वाजता सुटते, ती चुकली तर पुढची कोणती, हे इंग्रजीत विचारत गेले की 'द बस लीव्हज ॲट सेव्हन' आपसूक तोंडी येते आणि 'लीव्हज'मधला '-एस'सुद्धा. पहिली-दुसरीत आज्ञा आणि कृतिगीते, मग 'काय करायलास'ची उत्तरे, मग काल घडलेल्या गोष्टी: मला हा क्रम योग्य वाटतो. पूर्ण वर्तमानकाळ सहावीच्या आत आणू नये.

शेवटी एक विनंती. वर्गात मुलाने काळाची चूक केली की ते वाक्य जसेच्या तसे उतरून घ्या. शेजारी त्याला घरच्या भाषेत काय म्हणायचे होते ते त्याच्याच शब्दांत लिहा, इयत्ता आणि घरभाषा नोंदवा. मुलाचे नाव नको. आठवड्याला पाच वाक्ये पुरेत. वर्षअखेरीस केंद्रातल्या इतर शिक्षकांसोबत बसून या वह्या एकत्र वाचा आणि पुढच्या वर्षीचे पाठ त्यावरून आखा.